‘बाई, शेळी मेला’ : पहिलीतल्या कोरकू मुलांना मराठी शिकवताना

या वेळचं पत्र अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून आलंय, कोरकू आदिवासींच्या धारणी तालुक्यातून. लिहिणारी सांगलीकडची आहे, शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून शिक्षणसेवक म्हणून लागली, पहिलीच नेमणूक. पत्र चांगलं चार पानी आहे, मुद्द्याचं तेवढं देते:

“ताई, आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. पहिलीचा पट १४, सगळी कोरकू. तीन महिने झाले, मी बोलते आणि मुलं बघतात. काही विचारलं की माझंच वाक्य सगळी मिळून परत म्हणतात. ‘तुझं नाव काय?’ म्हटलं की १४ जण एका सुरात ‘तुझं नाव काय?’ एकच मुलगा उत्तर देतो पण तो कशालाही ‘हो मॅडम’ म्हणतो. बाराखडी तीन वेळा घेतली, तक्ता तोंडपाठ आहे, पुस्तक उघडलं की काही नाही. मुख्याध्यापक सर म्हणतात वर्गात कोरकू बंद करा, तुम्ही लाड करता म्हणून मराठी येत नाही. पालक म्हणतात इंग्लिश शिकवा. दिवाळीच्या आधी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येणार आहेत. माझं काही चुकतंय का, की मुलंच… पुढचं लिहायला लाज वाटते. बदली मिळेल तेव्हा मिळेल पण रोज सकाळी पोटात गोळा येतो.”

अगं, तुला अगं-तुगं करते, चालेल ना, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल. आणि ते अर्धं सोडलेलं वाक्य आहे ना तुझं, ‘की मुलंच…’, ते मी माझ्या तिसऱ्या वर्षी पूर्ण करून नोंदवहीत लिहून ठेवलंय. वर्णनात्मक नोंदीत. ‘आकलन कमी, प्रतिसाद देत नाही.’ शाईनं. ज्या मुलीबद्दल लिहिलं तिची गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं मी कुठून बोलतेय ते कळेल.

चिखलदरा तालुक्यात होते तेव्हा. पावसाळा, वर्गात निम्मी पोरं, एक मुलगी उशिरा आली, भिजलेली, दारातच उभी राहिली. ही पोरगी वर्षभरात माझ्याशी आपणहून एक शब्द बोललेली नव्हती. आणि त्या दिवशी दारातून म्हणाली, “बाई, शेळी मेला.” मी काय केलं असेल? मी म्हटलं, “मेला नाही बाळ, मेली म्हणायचं. म्हण, शेळी मेली.” ती म्हणाली, “शेळी मेली.” मी म्हटलं, “शाब्बास, बस जागेवर.”

शाब्बास म्हटलं गं मी. पोरीच्या घरची शेळी मेली होती आणि मी शाब्बास म्हटलं. त्यानंतर ती दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही आणि मला तेव्हा कळलंही नाही का ते. मी आपली खूश, की आज लिंग सुधारलं.

आता व्याकरणाचंच बोलायचं तर ती मुलगी चुकलीच नव्हती, म्हणजे तिच्या डोक्यातल्या नियमानं ती बरोबर होती. कोरकू ही मराठीची बोली नाही, हे तुला कुणी सांगितलंय का माहीत नाही, मला तर सात-आठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या मराठीच्या गोतावळ्यातल्या. कोरकूचं कूळच वेगळं, ऑस्ट्रो-आशियाई, त्यातली मुंडा शाखा. तिच्या सख्ख्या बहिणी म्हणजे संताळी, मुंडारी, पार झारखंडाकडे. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात आणि संताळीत ‘दाक्’, मधे एवढा मध्य प्रदेश नि छत्तीसगड आडवा पडलाय तरी. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारी सात लाखांच्या वर माणसं आहेत, आपल्याकडे मुख्यतः मेळघाटात, बाकी बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर त्या बाजूला. तेव्हा तुझ्या १४ मुलांना मराठी ही जवळजवळ तितकीच परकी आहे जितकी तुला तमिळ. तुला उद्या तमिळ शाळेत पहिलीत बसवलं आणि तक्त्यासमोर उभं केलं तर तूही तक्ता पाठ करशील, कारण तेवढंच हातात असेल.

तर कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग असलं त्रांगडं नाही. तिथे सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. शेळी सजीव, संपलं. आपण मात्र शेळी ‘ती’, बोकड ‘तो’, करडू ‘ते’, आणि वर निर्जीव खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’, फळा ‘तो’, ह्याला कारण विचारशील तर कुणाकडेच नाही. आपण हे आईच्या कडेवर शिकलो म्हणून सोपं वाटतं. उलट कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं आहेत, म्हणजे दोघं आले आणि तिघं आले यात फरक करावा लागतो, तो आपल्याला झेपायचा नाही. आणि एक गंमत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’, म्हणजे तुला सोडून आम्ही आणि तुला धरून आपण, हा भेद कोरकूतही आहे. हिंदीत नाही, ‘हम’ म्हटलं की झालं. म्हणून हिंदी बोलणारी मोठी मोठी माणसं मराठीत ‘आम्ही’-‘आपण’चा घोळ घालतात आणि तुझी पहिलीतली पोरं बघ, एकदा ऐकलं की पटकन उचलतील. म्हणजे मुलांकडे भाषा भरपूर आहे, नुसती भांडी वेगळी आहेत. कुठलं भांडं कुठे ठेवलंय ते तुला माहीत नाही एवढंच.

आता तुझ्या वर्गाकडे येऊ. ती मुलं तुझं वाक्य परत का म्हणतात माहितीये? कारण आपणच शिकवलंय. अंगणवाडीपासून ‘म्हणा माझ्या मागे’ चाललंय. अ अननसाचा, म्हणा. ये रे ये रे पावसा, म्हणा. मुलांनी आपल्या हुशारीनं ताडलंय की शाळा नावाच्या जागेत बाईंनी तोंडातून आवाज काढला की तोच आवाज आपण काढायचा, मग बाई खूश होतात. बिचारी इमानदारीत खेळतायत. त्यामुळे पहिली गोष्ट, महिनाभर ‘म्हणा’ हा शब्द बंद कर. खरंच बंद. परिपाठात म्हणायचं ते म्हणू दे, वर्गात नाही.

त्याऐवजी काय, तर करून दाखव आणि करायला लाव. तोंड उघडायची सक्ती नाही. ‘उठा’ म्हणायचं आणि स्वतः उठायचं. ‘बसा’, आपण बसायचं. दोन दिवसांनी ‘उठा’ म्हणायचं आणि आपण बसूनच राहायचं, बघ किती उठतात. मग ‘दाराकडे जा’, ‘दाराला हात लाव’, ‘दगड उचल’, ‘दगड डोक्यावर ठेव’, ‘दगड हिच्या हातात दे’, ‘माझ्या चपलेत टाक’. चपलेत दगड टाकायला सांगितलास ना की वर्ग खदखदून हसतो, आणि लक्षात घे, हसला म्हणजे समजलं, यापेक्षा चांगली चाचणी मला ३१ वर्षांत सापडली नाही. अमेरिकेत जेम्स अ‍ॅशर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हीच पद्धत नाव देऊन मांडली, आधी ऐकणं आणि अंगानं उत्तर देणं, बोलणं आपोआप मागून येतं. मला हे नाव निवृत्तीच्या जवळ आल्यावर एका प्रशिक्षणात कळलं. तोपर्यंत मी त्याला दगडाचा खेळ म्हणायचे.

या काळात मुलं गप्प असतील. असू दे. नवी भाषा शिकणारं लहान मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं, आत साठवत असतं. तान्हं बाळ वर्षभर ऐकतं तेव्हा कुठे ‘मम’ म्हणतं, त्याला आपण आकलन कमी म्हणतो का? फक्त गप्प मूल नि न समजलेलं मूल यातला फरक तुला कळला पाहिजे, त्यासाठीच तो दगड.

मग हळूहळू गरजेची वाक्यं दे, अख्खीच्या अख्खी. ‘बाई, पाणी पिऊ का?’ ‘मला दे ना.’ ‘ह्यानं मारलं.’ ‘माझी पेन्सिल कुठंय?’ ‘सुट्टी झाली?’ ह्यांचं व्याकरण सोडवत बसू नको, शब्दन् शब्द सुटा करू नको, मूल ते एका घासात उचलतं. माझ्या वर्गात सगळ्यात आधी आलेलं पूर्ण मराठी वाक्य ‘ह्यानं मारलं’ हेच होतं, दरवर्षी. चाडी करण्याइतकी निकड दुसऱ्या कशाला नसते. आणि त्या वेळी आपण काय म्हणतो, ‘चुगल्या करू नको, बस खाली.’ अगं, ऐक ती चुगली! कुणी मारलं? कुठे मारलं? पाठीवर मारलं? हाच तुझा मराठीचा तास.

चूक दुरुस्त करायची का, तर हो, पण अशी की मुलाला कळता कामा नये. ‘शेळी मेला’ म्हटल्यावर मी म्हणायला हवं होतं, “मेली? अगं बाई, कधी मेली? काल तर चांगली होती ना?” मेली हा शब्द तिच्या कानावर दोनदा गेला असता आणि बातमीला बातमीसारखं उत्तर मिळालं असतं. आधी अर्थाला उत्तर दे, रूप त्याच उत्तरात बसवून दे. हे लिहायला सोपं आहे, वर्गात जीभ आवरत नाही, मलाही पुढे दोन-तीन वर्षं लागली.

आता तू म्हणशील कोरकू मला येत नाही. मलाही येत नव्हती आणि चांगली अशी अजूनही नाही. पण तुझ्या शाळेत कोरकू येणारी एक मोठी बाई रोज येते, तिच्याकडे तू अजून बघितलं नाहीस. खिचडी शिजवणारी ताई. पोषण आहाराची. तिला मुलांची भाषा येते, धारणीच्या बाजारामुळे थोडी हिंदी येते, सरांशी बोलून बोलून वऱ्हाडी येते, म्हणजे तुझ्या शाळेतली सगळ्यात जास्त भाषा येणारी व्यक्ती तीच. डाळ चुलीवर चढवून झाली की तिला रोज १५ मिनिटं वर्गात बसव. ती कोरकूत एक गोष्ट सांगेल, कोल्ह्याची, अस्वलाची, तिला येत असेल ती. तू फक्त ऐक आणि चार शब्द टिपून घे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तू मराठीत सांगायची, पण ते चार शब्द कोरकूच ठेवायचे. म्हणजे ‘एक सिता होता, तो आपल्या उऱ्यात…’, सिता म्हणजे कुत्रा आणि उरा म्हणजे घर, गावागणिक उच्चार थोडा इकडेतिकडे होतो, पोरंच सुधारतील तुला, आणि तुझा उच्चार सुधारताना त्यांना जो आनंद होईल ना! तिसऱ्या दिवशी सिताच्या जागी कुत्रा, चौथ्या दिवशी उऱ्याच्या जागी घर. गोष्ट माहितीचीच आहे त्यामुळे मूल बुडत नाही. आठवड्यात गोष्ट मराठी होते. ताईला मानधन तुटपुंजं, त्यात हे जास्तीचं काम, तेव्हा तिला गृहीत धरू नको, तिच्या वाटणीचे तांदूळ तू निवडून दे हवं तर, आणि मुलांसमोर तिलाही बाई म्हण.

एक सांगायचं राहिलं, तुझी स्वतःची मराठीही त्यांना नवीनच आहे हं. तू सांगलीची, तू म्हणणार ‘व्हय की’, ‘आलायस काय’. सर अचलपूरकडचे असले तर ‘हाव’ नि ‘काऊन’. पुस्तक तिसरंच काहीतरी, ‘काय करीत आहेस’. मुलाला वाटतं ह्या तीन भाषा आहेत. पहिले सहा महिने तरी ठरवून एकसारखं बोल आणि पुस्तकी तर अजिबात बोलू नको, ‘तू काय करीत आहेस’ असं जगात कुणी कुणाला म्हणत नाही.

वाचनाचं सांगते कारण तुझी खरी धास्ती तीच दिसतेय. बाराखडी पाठ झाली तरी पुस्तक वाचता येत नाही कारण मुलाला अजून कळलेलंच नाही की त्या वेड्यावाकड्या रेघांतून कुणीतरी काहीतरी बोलत असतं. तक्त्यावर न नळाचा. तुझ्या पाड्यात नळ आहे? आमच्याकडे नव्हता, मुलं त्या चित्राला काय समजायची देवाला ठाऊक. मी एका वर्षी चिडून तक्ता गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर मोठ्ठं ‘डा’ लिहिलं. खाली पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. कोरकू देवनागरीतच लिहितात, म्हणून हे जमतं. डा. एक अक्षर, एक काना, आणि झालं वाचून, अख्खं पाणी वाचलं पोरानं! मी पुसलं, परत लिहिलं, दाराजवळच्या मडक्यावर खडूनं लिहिलं. एक जण उठून हापशाकडे बोट दाखवायला लागला, बाई डा, बाई डा. त्याला पहिल्यांदा कळलं की लिहिलेलं बोलतं. मग ‘उरा’ घेतलं, मग ‘सिता’. या तीन शब्दांत ड, उ, र, स, त, काना, पहिली वेलांटी एवढं सगळं येतं आणि त्याच अक्षरांतून मराठीचे ‘तारा’, ‘सात’, ‘रस’, ‘डास’ करता येतात. वाचायची युक्ती मूल एकदाच शिकतं, कुठल्याही भाषेत शिकलं तरी ती दुसरीकडे चालते, सायकल आपल्या गल्लीत शिकलीस म्हणून परगावी पडत नाहीस तसं. म्हणून जी भाषा कळते तिच्यात शिकव. अक्षरं तीच आहेत, तुझा वेळ कुठेही वाया जात नाही.

आकड्यांत एक खड्डा आहे तो आत्ताच दाखवून ठेवते. मराठीत एकवीस म्हणताना आधी एक मग वीस आणि लिहिताना आधी दोन मग एक. आणि एकोणतीस! त्यात तीस ऐकू येतं आणि लिहायचं २ नि ९. कोरकू मूल मिया, बारी, म्हणजे एक, दोन, असं मोजत येतं, त्याला १० पर्यंत त्याच्याच भाषेत मोजू दे, गणित पक्कं होऊ दे, मराठी नावं नंतर चिकटव. २०१९ मधे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायचं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय का, टीव्हीवर लोक भाषा बुडाली म्हणून ओरडत होते. मी एकटी घरात म्हणत होते, अरे मेळघाटात येऊन एकदा एकोणसाठ शिकवून दाखवा.

आता सर. सरांशी भांडू नको. ते वाईट नाहीत, त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलंय. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे हे तुला स्वतःशी स्पष्ट पाहिजे. कोरकू बंद केल्यानं मराठी येत नाही, बोलणंच बंद होतं. मूल घरी ज्या भाषेत विचार करतं ती दाराबाहेर चपलेबरोबर काढून ठेव म्हटल्यावर आत येतं ते नुसतं दप्तर. कागदाचा आधार लागला तर आहे, घटनेचं कलम ३५०-अ, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय करा म्हणतं, ते १९५६ चं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातही शक्य तिथे माध्यम मातृभाषा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. ओडिशानं तर २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांतून पहिलीची पुस्तकं काढून शाळा चालवल्या, नंतर भाषा वाढवत २१ वर नेल्या. पण हे सगळं सरांच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये, कलमं काढली की माणूस हट्टाला पेटतो. त्यांना फक्त म्हण, सर, मला डिसेंबरपर्यंत माझ्या पद्धतीनं करू द्या, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं. आणि मुलांना खिचडी वाढताना एकदा त्यांना उभं कर, पोरं ‘सर, मला अजून द्या ना’ म्हणतील तेव्हा ते काय तोंड करतात बघ.

पालकांचं इंग्लिशचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. मजुरीला अमरावती-नागपूरपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला कुठल्या भाषेला किती भाव आहे ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. इंग्रजी तर २००० सालापासून राज्यात पहिलीला आहेच, तेव्हा तू शिकवतेच आहेस असं त्यांना सांग. पण तुझ्या वर्गात ती तिसरी भाषा आहे, बाजारातली हिंदी धरली तर चौथी. पहिलीला इंग्रजी फक्त कानानं आणि अंगानं घे, सिट डाऊन, स्टँड अप, क्लोज द डोअर, एखादं गाणं, दगडाचाच खेळ. एबीसीडी लिहून घ्यायची घाई करू नको, एका लिपीशी अजून ओळख होतेय तोवर दुसरी कशाला. पालकसभेत मुलांना इंग्रजी आज्ञांवर उठ-बस करून दाखवायला लाव, पालक खूश होतात, आणि फसवाफसवी पण नाही, मुलांना खरंच समजलेलं असतं. उलट २६ जानेवारीला न समजलेलं इंग्रजी भाषण घोकून घेणं ही खरी फसवाफसवी, तेवढं माझ्यासाठी करू नको. मी करून घेतलीत, फोटो पण आहेत, बघवत नाहीत.

किती दिवस लागतील? इथे तुला खोटा धीर देत नाही. कॅनडातले जिम कमिन्स आयुष्यभर हाच अभ्यास करत आले, त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या भाषेत खेळण्याबोलण्यापुरतं यायला साधारण दोन वर्षं लागतात, पण त्या भाषेतून धडा समजणं, परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, हे ती भाषा घरी बोलणाऱ्या त्याच वयाच्या पोरांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात. म्हणून पुढे मैदानावर फाडफाड मराठी बोलणारं पोर तिसरीच्या पुस्तकाशी अडलं तर ‘येतंय सगळं, आळस करतो’ म्हणू नको. मैदानाची मराठी आणि पुस्तकाची मराठी वेगळी. आणि तुझं कॅलेंडर पण वेगळं आहे. दिवाळीनंतर निम्मी घरं कामाला बाहेर पडतील, पोरं बरोबर जातील. होळीला फगवा, म्हणजे होळीची देणगी, मागत पाच दिवस गाव नाचतंय, शाळा ओस. मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुलं वेचायला सगळी रानात. ह्यावर चिडून काही होत नाही. जाणाऱ्या मुलाला दहा चित्रांची घडी करून दे, प्रत्येकाखाली एक शब्द, परत आलं की ‘काय काय बघितलंस’ म्हणून तिथूनच सुरू कर, पहिल्या पानापासून नको. आणि मोह सुरू झाला की वर्गात मोहाचीच टोपली आण. वेचणं, वाळवणं, मोजणं, किती किलो, काय भावानं, महिनाभराची मराठी आणि गणित त्या टोपलीत आहे, शिवाय त्या विषयात मुलं हुशार नि तू ढ, हे वर्गाला फार मानवतं.

केंद्रप्रमुखांचं. ते येतील, पुस्तक वाच म्हणतील, ‘निपुण’ या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचा तक्ता भरतील, त्यांनाही वर आकडे द्यायचेत. तू आजपासून एक साधी वही कर, प्रत्येक मुलाला एक पान, दोन रकाने, ‘समजतं’ आणि ‘बोलतं’. समजतं खाली तारीख घालून लिही, ‘दगड चपलेत टाक’, समजलं. बोलतं खाली ‘ह्यानं मारलं’. तुझ्या लक्षात येईल पहिला रकाना कितीतरी भराभर भरतो. मोबाइलवर महिन्यातून एकदा प्रत्येकाचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेव, आत्ताचा आणि डिसेंबरचा लागोपाठ ऐकवला की बोलायची गरज पडत नाही. साहेब आले की आधी दगडाचा खेळ दाखव, आणि आज्ञा साहेबांनाच देऊ दे. नव्या माणसाच्या तोंडची मराठी मुलांनी केली म्हणजे पाठांतर नाही हे त्यांना तिथेच कळेल. बहुतेक साहेब कधीकाळी शिक्षकच असतात, चपलेत दगड पडला की तेही हसतात.

बदलीबद्दल मी काही सांगत नाही, ते तुझ्या घरचं, तब्येतीचं आणि शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांचं गणित, त्यात परक्यानं पडू नये. पोटातल्या गोळ्याबद्दल मात्र, सकाळी शाळेत जायच्या आधी एखाद्या घरी जाऊन बस, रोज वेगळ्या, चहा घे, काही बोलू नको. तुला त्यांचं काही कळणार नाही, त्यांना तुझं कळणार नाही, हसून हसून गाल दुखतील. मुलं रोज ११ ते ५ तुझ्या वर्गात हेच करतात.

आणि तो ‘हो मॅडम’वाला. त्याच्यावर माझा फार जीव जडलाय पत्र वाचून. त्याला रागावू नको, त्यानं एकच किल्ली शोधलीय आणि तो प्रत्येक कुलपाला लावून बघतोय. उद्या पायातली चप्पल हातात घे, त्याच्यासमोर धर आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं विचार, “हे वांगं आहे?” तो म्हणेल हो मॅडम. तू मान डोलाव आणि चप्पल खायचं नाटक कर. मग खडू दाखव, “ही शेळी आहे?” हो मॅडम. खडूला चारा घाल. मग त्याच्याकडेच बोट दाखव, “तू म्हातारी आहेस?” रोज पाचच मिनिटं, सगळ्यांसमोर, पण हसं कायम तुझं व्हायला पाहिजे, त्याचं नाही. माझा अंदाज दोन आठवडे. ज्या दिवशी तो ‘नाही’ म्हणेल त्या दिवशी मला कळव, रात्री उशीर झाला तरी चालेल.